भाकरीखालची साखर

शांतवन मिस्त्रींनी जन्मात कशावर विश्वास ठेवला असेल तर तो कार्बन पेपरवर. माणसांवर कधीच नाही. त्यात मी आलो, चीफसाहेब आले, गेटवरचा वॉचमन आला आणि मिस्त्रींची बायकोही थोडीफार आलीच. कागदावर विश्वास म्हणावा तर तोही अर्धाच, कारण दुसरी प्रत खिशात पडेपर्यंत त्यांच्या लेखी पहिली प्रत झालेलीच नसायची. आज मी दूधवाल्याच्या मापात डोकावून बघतो, बँकेतला पोरगा ‘झालं तुमचं काम, काका’ म्हणाला की ‘शिक्का कुठंय?’ विचारतो आणि घरचे कपाळाला हात लावतात. हा गुण माझा नव्हे. तो मला श्रीरामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात लागला. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उगाच कुणीतरी पुरावा मागायला यायचं.

सत्तर सालानंतरची ती दोनतीन वर्षं. मी नगरहून बी.एस्सी. होऊन लॅब केमिस्ट म्हणून चिकटलो होतो. अंगावर पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, आणि साखर कशी होते ते पुस्तकात वाचलेलं. शांतवन गायकवाड तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असतील. गाव पुणतांब्याकडचं, शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत. अंगानं सडपातळ, डोक्याला टोपी, आणि डोळ्यांत कायम एक चौकशी चालू. नावाचा अर्थ सांत्वन, पण समोरच्याला त्यांनी कधी चैन पडू दिलं नाही.

त्यांचं काम पॅनवर. पॅन म्हणजे उसाच्या रसाचा घट्ट पाक ज्यात साखरेचा दाणा धरेपर्यंत शिजवतात ते भलंमोठं बंद भांडं. आत काय चाललंय ते बघायला त्याला एक गोल काच आणि नमुना काढायची एक पितळी दांडी. मिस्त्री दांडी ओढायचे, थेंबभर पाक काचेच्या तुकड्यावर पसरायचे, एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचे, मग अंगठा आणि बोटाच्या मध्ये तार ओढून बघायचे. एवढ्यावर ठरायचं की वाफ वाढवायची, पाक घ्यायचा की थांबायचं. माझ्याकडे तेव्हा यंत्राचे आकडे असायचे. ते बिचारे बरोबरच असायचे बहुतेक, पण मिस्त्री त्यांच्याकडे पाहुण्या पोरानं आणलेल्या बातमीसारखं बघायचे.

आणि आमच्याकडे पद्धत अशी होती की पॅन शिजवायचा मिस्त्रीनं आणि लॉगबुकात सही ठोकायची केमिस्टनं. ‘शिजवणाराचे नाव’ असा रकाना छापलेला होता. त्या रकान्यात माझं नाव, माझ्या आधी जे केमिस्ट होऊन गेले त्यांची नावं. तेरा हंगाम मिस्त्रींनी साखर शिजवली आणि तेरा हंगामांच्या वह्यांत त्यांचं नाव एकदाही नाही. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. उलट महिन्याच्या अहवालात माझ्या नावापुढे चांगली साखर दिसली की मी घरी पत्रात तसं लिहायचो.

त्यांच्या संशयाच्या गोष्टी कारखानाभर चालायच्या. सायकलला दोन कुलुपं घालून वर चाकाचा वाल्व्ह काढून खिशात ठेवायचे. वेळ विचारली तर दोघांचं घड्याळ बघून मधली वेळ सांगायचे. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक, कोंबडं, असं काहीबाही वेदीपुढे आणून ठेवतात. मिस्त्रींनी एकदा परसातला भोपळा नेला आणि पाळकसाहेबांकडे पोच मागितली. पाळकसाहेब म्हणाले, देवानं बघितलंय शांतवन. मिस्त्री म्हणाले, त्यानं बघितलंच असंल, पन सही तुमची लागंल. पाळकांनी हसत हसत लिहून दिलं: भोपळा एक, मिळाला. ती चिठ्ठी त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होती. मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

छापील अक्षर त्यांना वाचता यायचं, हाताचं लिखाण यायचं नाही. म्हणून कुठलाही कागद आला की ते तो दोन माणसांकडून वाचून घ्यायचे. अट एकच, ती दोन माणसं एकमेकांना ओळखणारी नसावीत. बायको, सगुणाबाई, चांगली सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पण तिनं वाचलेलं पत्रसुद्धा ते दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पुन्हा ऐकून यायचे. सगुणाबाईंनी ते कधीच सोडून दिलं होतं. त्या म्हणायच्या, लग्नात पाळकांनी विचारलं तेव्हासुद्धा आधी यांनी माझ्याकडे वळून बघितलं, खरंच हीच का म्हणून.

हा स्वभाव आकाशातून पडला नव्हता. पहिल्याच हंगामात तेव्हाच्या मॅनेजरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी तुला कायम करतो. मॅनेजर बदलून गेले. नव्यांनी विचारलं, तसं कुठं लिहिलंय? मिस्त्री हंगामी ते हंगामीच राहिले. कारखाना बंद झाला की पाच-सहा महिने घरी, आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा बोलावतात की नाही याची वाट. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच: “बोललेली वाफ, लिवलेला दाना.” कुणी काही कबूल केलं की हे ऐकवायचे आणि कागद पुढे करायचे.

माझ्यावर तर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर. चीफ केमिस्टांनी, म्हणजे आमच्या चीफसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की मिस्त्रीवर लक्ष ठेव, तो काहीतरी बाहेर नेतो. काय नेतो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा साखर रेशनकार्डावर मिळायची. सणाला लोक ओळखी काढून किलोभर साखर पैदा करायचे, आणि साखरेच्या डोंगरात काम करणाऱ्यांची गेटवर रोज झडती व्हायची. चिमूटभर सापडली तरी माणूस घरी जायचा.

मग मी काय, लागलो लक्ष ठेवायला. मिस्त्री माझ्याकडे बघायचे, मी मिस्त्रींकडे बघायचो, आणि मध्ये पॅन शिजत असायचा. एकदा दुपारपाळीत यंत्राच्या आकड्यावरून मी म्हणालो, आणखी पाक घ्या. मिस्त्रींनी काच उजेडाला धरली आणि म्हणाले, न्हाई, खोटा दाना उठतोय. खोटा दाणा म्हणजे मोठ्या दाण्यांच्या मध्ये नको असताना बारीक भुकटी धरते ती. ती धरली की अख्खा पॅन बिघडतो. मी आकडा दाखवला. त्यांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाण्याची कळ उघडून भुकटी विरघळवली आणि पॅन वाचवला. नंतर कळलं की यंत्राचा काटाच अडकला होता. लॉगबुकात मी लिहिलं, ‘खोटा दाणा दिसल्याने पाणी दिले’, आणि खाली माझी सही. मिस्त्री शेजारी उभे होते. काय लिवलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. सही कुनाची, ते त्यांनी विचारलं नाही.

ऐन हंगामात एकदा त्यांच्या पोरीचं लग्न निघालं आणि ते तीन दिवस रजेवर गेले. त्या तीन दिवसांत एक पॅन मी स्वतःच्या हिमतीवर शिजवला. शिजवला कसला, वाट लावली. साखर अशी निघाली की निम्मे दाणे ज्वारीएवढे आणि निम्मी रांगोळी. वहीत मी ‘ऊस शिळा’ असं कारण टाकून मोकळा झालो.

मिस्त्री परतले त्याच दिवशी मी ती गोष्ट पाहिली. पॅनच्या मागच्या अंगाला बसून ते जेवणाचा डबा भरत होते. म्हणजे जेवण झालेलं होतं आणि ते डब्यात काहीतरी घालत होते. दवाखान्यात इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या असतात तसली एक बाटली, आत साखर. ती त्यांनी तळाशी ठेवली, वर मुद्दाम शिल्लक ठेवलेली भाकरी झाकली आणि मान वर केली तर समोर मी.

त्यांनी डब्याला झाकण लावलं, मी काट्यांकडे वळलो. मी चीफसाहेबांना सांगितलं नाही. मोठेपणानं नाही हो. मिस्त्री घरी गेले असते तर पुढचा पॅन मला शिजवावा लागला असता. माझी चूल त्यांच्या हातावर पेटत होती, एवढं मला कळत होतं. आठवडाभरानं त्यांनीच मला एकट्याला गाठलं.

“सायेब, तुमी कुनाला बोलला न्हाई. का?”

मी म्हटलं, बोलायचं कारण काय? तर ते आणखीच बावरले. फुकट मेहेरबानी करणाऱ्या माणसाला त्यांच्या हिशेबी काहीतरी मोठं हवं असायचं. पुढचा महिनाभर ते मला पाठ दाखवून उभे राहत नसत.

त्या वर्षी पावसानं आधीच दडी मारलेली होती. उसाची पानं जागेवर करपली, हंगाम लवकर उरकायची चिन्हं दिसू लागली, आणि माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली. अशात नोटीस लागली. पुढच्या हंगामापासून पॅनवर सर्टिफिकेटवाला माणूसच राहील, बाकीच्यांना मदतनीस म्हणून घेण्याचा विचार होईल. म्हणजे काल आलेल्या पोरानं पॅन शिजवायचा आणि मिस्त्रींनी त्याला फडकं द्यायचं. नोटीस छापील होती, तरी मिस्त्रींनी ती दोघांकडून वाचून घेतली. एक मी होतो.

सर्टिफिकेटचा वर्ग नगरच्या एका कॉलेजनं नुकताच काढला होता. दोन वर्षांचा, आणि मॅट्रिक पाहिजे. पण त्यांच्या माहितीपत्रकात शेवटी एक कलम होतं. दहा हंगाम प्रत्यक्ष काम केलेल्या माणसानं आपल्या अनुभवाची फाईल पुराव्यानिशी सादर केली आणि ती कमिटीला पटली, तर मॅट्रिकची अट माफ आणि पहिलं वर्ष झालं असं धरलं जाईल. मी ते कलम त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, हे कलम काढलंय म्हंजे ह्यात कायतरी मेख हाय. पण दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरला जाऊन एक जाड पुठ्ठ्याची फाईल, दोऱ्याची गुंडी आणि डझनभर कार्बन घेऊन आले.

तिथून पुढे दोन महिने तो माणूस पुरावा गोळा करत फिरला. जुन्या केमिस्टांना सगुणाबाईंच्या हातानं पत्रं गेली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकजण श्रीगोंद्याच्या बाजूला दुसऱ्या कारखान्यात साहेब झाला होता, त्याच्याकडे मिस्त्री एस.टी.नं स्वतः गेले. दिवसभर बाहेर बसले. संध्याकाळी त्यानं लिहून दिलं की सदर इसम माझ्या हाताखाली होता, प्रामाणिक व आज्ञाधारक आहे. मिस्त्रींनी तो कागद माझ्यापुढे टाकला. म्हणाले, ह्यात साखर कुठंय? प्रामानिक तर बैल बी असतो.

मग ते माझ्याकडे मागू लागले. फार नव्हतं मागणं. एवढंच लिहून हवं होतं की लॉगबुकात जिथं माझी सही आहे तिथं पॅन शांतवन गायकवाड यांनी शिजवला. मी दोन दिवस मागून घेतले. खरं तर दोन मिनिटांचं काम. पण तो कागद चीफसाहेबांच्या हाती पडला तर? माझ्या सह्यांना मग काय अर्थ राहिला? कायम होण्याची माझीच ऑर्डर अजून टेबलावर होती. दोन दिवसांनी मी टाईप करून दिलं: कामसू, वक्तशीर व आज्ञाधारक. मिस्त्रींनी ते पोस्टात जाऊन वाचून घेतलं असणार, कारण संध्याकाळी पाळीवर आले ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला मनापासून लाज वाटली, आणि तरी मी दुसरा कागद लिहिला नाही.

कमिटी एप्रिलमध्ये बसली, नगरला, कॉलेजच्या एका लांबट खोलीत. तिथले वयस्क प्राध्यापक राजहंस अध्यक्ष, आणि कारखान्यांच्या वतीनं सभासद म्हणून आमचेच चीफसाहेब. मला लॉगबुकं घेऊन हजर राहायचा हुकूम होता. मिस्त्री सगुणाबाईंनी परीट घडी केलेला सदरा घालून आले होते. काखेत फाईल, आणि हातात ती पत्र्याची पेटी.

राजहंस सरांनी फाईल चाळली. आज्ञाधारक, प्रामाणिक, आज्ञाधारक, कामसू. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की गायकवाड, तुम्ही चांगले गृहस्थ आहात हे सिद्ध झालं. साखर शिजवता हे कशावरून? वह्यांत तर तुमचं नाव नाही.

मिस्त्रींनी पेटी टेबलावर ठेवली आणि उघडली. आत पुठ्ठ्याचे खण, आणि खणाखणांत इंजेक्शनच्या बाटल्या, शंभराच्या वर. प्रत्येकीत साखर, प्रत्येकीवर सगुणाबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: तारीख, पाळी, पॅनचा नंबर. बाजूला दोऱ्यात ओवलेली तेरा हंगामांची हजेरीपत्रकं. तेरा हंगाम, दर पंधरवड्याला एक बाटली, हा माणूस आपल्या हातच्या साखरेचा नमुना भाकरीखाली घालून घरी नेत होता. विकायला नाही, चहात घालायला नाही. एक ना एक दिवस कुणीतरी ‘कशावरून’ म्हणून विचारील, एवढ्याच खात्रीनं. 

राजहंस सरही आमच्याच जातकुळीचे संशयी निघाले. म्हणाले, चिठ्ठ्या काय, एका बैठकीत लिहिता येतात. त्यांनी चार बाटल्या उचलल्या, चिठ्ठ्या बोटांनी झाकल्या आणि मिस्त्रींना आतली साखर काळ्या कागदावर ओतून दिली. आता सांगा.

मिस्त्रींनी एक डोळा मिटला. पहिली दोन नंबरच्या पॅनची, म्हणाले. ह्या पॅनला वाफ एका अंगानं जास्त बसती, म्हनून दाना लांबट. बरोबर. दुसरीही बरोबर. तिसरी हंगामाच्या शेवटाची, ऊस वाळलेला होता, ती सुद्धा बरोबर. चौथीला त्यांनी फक्त एकदा पाहिलं आणि कागद परत सरकवला.

“ह्यो माजा न्हाई.”

सरांनी चिठ्ठी पाहिली, मग मला वही उघडायला सांगितली. मिस्त्रींच्या पोरीच्या लग्नाची तारीख. हजेरीपत्रकात ते रजेवर, आणि वहीत माझी सही, ऊस शिळा. ते परत आले त्या दिवशी डब्यात टाकत होते ती बाटली हीच. आपण नसताना साखर कशी होते याचाही पुरावा त्यांनी ठेवला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की बाकीच्या पानांवरही सही तुमचीच आहे, ते पॅन कुणी शिजवले? मी म्हटलं, मिस्त्रींनी. आवाज असा निघाला की सरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. एवढंच माझ्याकडून झालं, आणि तेही तोंडी.

सरांनी तिथल्या तिथं अर्जावर शेरा मारला, पहिले वर्ष माफ. मिस्त्रींनी वाकून विचारलं, सायेब, ह्याची नक्कल? सर हसले. त्या खोलीत कुणी हसलेलं ते पहिलंच आणि शेवटचं.

कारण आता चीफसाहेबांनी खिशातून एक कागद काढला. मिस्त्रींनी आदल्या आठवड्यात अर्जासोबत कॉलेजच्या कारकुनाला पेटी दाखवली होती, आणि सवयीप्रमाणे पोच मागितली होती. नुसती पेटी एक, असं नाही चालायचं. त्यांनी सगळी यादी लिहून घेतली होती: साखर भरलेल्या बाटल्या इतक्या, सदर साखर अमुक कारखान्याची, खाली मिस्त्रींची स्वतःची सही. कार्बननं दोन प्रती. एक मिस्त्रींच्या पेटीत गेली आणि दुसरी कॉलेजच्या कागदांतून कमिटीच्या सभासदांकडे आली. जन्मभर दुसऱ्याकडून कागद घेणाऱ्या माणसानं पहिल्यांदाच स्वतःहून एक कागद दिला होता.

“ही साखर गेटबाहेर कशी आली?” चीफसाहेबांनी विचारलं.

“डब्यातनं. भाकरीखाली,” मिस्त्री म्हणाले. दुसरं काही म्हणायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मूठभरही नव्हती हो एकेक बाटली. पण चीफसाहेबांना साखरेचं दुःख नव्हतं, असा माझा तेव्हाही संशय होता आणि आजही आहे. महिन्याच्या अहवालावर ‘माझ्या देखरेखीखाली’ असं लिहून खाली त्यांचीही सही असायची. त्या पेटीनं आम्हा सगळ्यांच्या सह्या टेबलावर ओतल्या होत्या. कॉलेजनं दिलेला शेरा त्यांना पुसता येईना, म्हणून त्यांनी जे हातात होतं ते केलं. आठ दिवसांत मिस्त्रींना पत्र आलं. कारखान्याचा माल बाहेर नेल्याची लेखी कबुली दिल्यामुळे पुढील हंगामापासून आपणास कामावर घेता येणार नाही. युनियनचा पुढारी बघू म्हणाला. मिस्त्री म्हणाले, लिवून द्या. तो पुन्हा फिरकला नाही.

मला राहवेना. मी एक दुपार बसून लॅबच्या कागदावर लिहिलं की सदर नमुने मी स्वतः प्रयोगशाळेच्या कामासाठी श्री. गायकवाड यांच्याकडे दिले होते. केमिस्टला नमुने काढायचा अधिकार असतो, त्यावर कुणाला काही बोलता आलं नसतं. सगळे नमुने नव्हते माझ्या वेळचे, पण तेवढं कोण बघतंय. कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सगुणाबाईंनी वाचून दाखवला. मिस्त्रींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आनंदले असतील असं मला वाटलं.

“खरं लिवायचं हुतं तवा तुमी भ्यालात,” ते म्हणाले. “आता खोटं लिवायला धीर आला व्हय, सायेब?”

मी म्हटलं, मिस्त्री, नोकरी वाचेल तुमची. त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. रागानं नाही. एक खोटा कागद फाईलीत घातला की मागचे सगळे खोटे होतात, असं काहीतरी ते म्हणाले. तेरा वर्षं भाकरीखालून आणलेल्या त्या बाटल्यांत त्यांना माझी रांगोळी मिसळायची नव्हती. मी परत निघालो तेव्हा सगुणाबाई दारापर्यंत आल्या. चहा घेऊन जा म्हणाल्या. मला चहा घेववला नाही.

पुढे त्यांचं काय झालं, ते नक्की नाही सांगता येत. नगरला वर्ग पुरा केला म्हणतात. एकानं सांगितलं, दूरच्या एका कारखान्यात पॅनचे मुख्य झाले. दुसऱ्यानं सांगितलं, वर्ग अर्धा सोडून गावी गेले. तिसरा तर म्हणाला, त्यांनीच त्या कॉलेजात पोरांना शिकवलं. तिघंही एकमेकांना ओळखत नव्हते, तरी तिघांचं जुळलं नाही, तेव्हा मी कुणाचंच धरून चालत नाही.

मला नक्की ठाऊक आहे ते एवढंच, की जूनमध्ये एका सकाळी श्रीरामपूरच्या स्टँडवर ते मला दिसले. वर्ग सुरू व्हायचा होता, ते पुढे निघाले होते, सगुणाबाई सामान आवरून मागून येणार होत्या. नगरच्या गाडीला वेळ होता. पायाशी वळकटी, मांडीवर ती पेटी. मला पाहून त्यांनी शेजारी जागा केली आणि पेटीतून एक बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. चौथी.

“ही तुमची हाय. माज्याकडं कशाला ठिवू?” म्हणाले. आणि मग, अर्थात, खिशातून चिठोरा निघाला, कार्बन निघाला. “पोच द्या.”

मी पेटीवर कागद ठेवून लिहायला लागलो. बाटली एक मिळाली, इथपर्यंत हात सरळ चालला. मग थांबला. मग मी लिहिलं: या बाटलीतली साखर मी शिजवली आहे. वह्यांत माझ्या सहीखाली असलेली बाकी सर्व साखर श्री. शांतवन गायकवाड यांनी शिजवली. खाली सही, तारीख, हुद्दा. जे दोन मिनिटांत व्हायचं होतं ते दोन मिनिटांतच झालं, फक्त चार महिने उशिरा.

मिस्त्रींनी कागद घेतला. अक्षरांवरून नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. मी म्हटलं, वाचून दाखवू? त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि पेटी काखोटीला मारून चौकशीच्या खिडकीकडे गेले. खिडकीतल्या बाबूला कागद दिला. बाबू कंटाळल्यासारखा मोठ्यानं वाचत होता आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत होते. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. तेवढ्यात नगरची गाडी लागली. एक प्रत मला देऊन ते चढले आणि खिडकीजवळ बसले. मी हात वर केला. त्यांनी हात वर केला नाही. गाडी सुटेपर्यंत त्यांचा तळहात सदऱ्याच्या खिशावर होता.